पात्याचा कोन आणि १९४० सालचा उन्हाळा

१९४० साली इंग्लंडच्या आकाशात झालेल्या हवाई युद्धावर इतके लिहिले गेले आहे की त्यात आम्ही भर घालावी असे वाटत नव्हते. पण ते वाचताना एक गोष्ट खटकत राहते. वैमानिकांचे धैर्य, रडार, मर्लिन इंजिन, स्पिटफायरच्या पंखांचा लंबवर्तुळाकार डौल, असे सारे त्यात येते. विमानाच्या नाकावर फिरणाऱ्या पात्यांचा उल्लेख मात्र क्वचितच.

बोलताना आपण प्रोपेलरला ‘पंखा’ म्हणून मोकळे होतो, आणि घोटाळा तिथेच होतो. पंखा हवा मागे ढकलतो, एवढ्यावर आपले समाधान होते. राइट बंधूंना १९०२-०३ च्या सुमारास वेगळेच उमगले. जहाजांच्या मळसूत्री पंख्यांची माहिती त्यांच्या कामी आली नाही. प्रोपेलरचे पाते म्हणजे गोल फिरणारा विमानाचा पंखच होय, या निष्कर्षाला ते आले. पंख म्हटला की त्याचा हवेशी होणारा कोन आला. विमान धावू लागते तेव्हा पाते कमी तिरपे हवे. वेग वाढला की समोरून येणाऱ्या हवेमुळे ते अधिक तिरपे करावे लागते. लाकडाच्या एकसंध पात्याला हे साधत नाही. वेगवान उड्डाणासाठी कोन बेतला, तर जमिनीवर ते पाते नुसतीच हवा घुसळते. १९३८ साली डक्सफर्डला दाखल झालेली पहिली स्पिटफायर विमाने अशाच दोन लाकडी पात्यांची होती.

उपाय इंग्लंडमध्येच सुचला होता, हे विशेष. हेले-शॉ आणि बीचम यांनी १९२४ साली फेऱ्यांचा वेग आपोआप स्थिर राखणाऱ्या प्रोपेलरचे पेटंट घेतले. अशा यंत्रणेतील नियंत्रकात इंजिनाबरोबर फिरणारी छोटी वजने स्प्रिंगच्या विरोधात बाहेर फाकतात. विमानाने सूर मारला आणि फेरे वाढू लागले, की ती अधिक फाकतात, तेलाची झडप सरकते, पाती अधिक तिरपी होतात, इंजिनावरचा भार वाढतो आणि फेरे पूर्ववत होतात. वैमानिकाने फक्त स्प्रिंगचा ताण ठरवायचा. चाचण्या झाल्या, पुढे फारसे काही झाले नाही. अखेर अमेरिकेत हॅमिल्टन स्टँडर्डच्या फ्रँक कॉल्डवेलने कोन बदलता येणारा प्रोपेलर व्यवहारात आणला, त्याला १९३३ सालची कॉलियर ट्रॉफी मिळाली, आणि डी हॅविलंड कंपनीने परवाना घेऊन तो इंग्लंडात बनवायला घेतला. (त्याच कंपनीच्या कॉमेट विमानाने १९३४ ची इंग्लंड-मेलबर्न शर्यत जिंकली, तेव्हा त्याच्या फ्रेंच प्रोपेलरमध्ये उड्डाणापूर्वी सायकलच्या पंपाने हवा भरावी लागे! कोन एकदाच बदले. परत आणायचा तर उतरल्यावरच.)

पण स्पिटफायरवर जो चढला तो दोनच कोनांचा होता, उड्डाणाचा आणि वेगाचा. तो वैमानिकाने दांडा ओढून बदलायचा. दोन्ही पाय कृत्रिम असलेला प्रसिद्ध वैमानिक डग्लस बेडर १९४० च्या वसंतात तो दांडा हलवायला विसरला आणि विमान उचललेच गेले नाही, आपटले. ही चूक बेडरसारख्या कसलेल्या माणसाची होती, हे ध्यानात घ्यावे. उंची गाठताना तर दोन्हीपैकी एकही कोन धड नसे. समोरच्या मेसरश्मिट १०९ च्या वैमानिकाला मात्र पात्यांचा कोन मधल्या कुठल्याही ठिकाणी ठेवता येई.

१९४० च्या जूनअखेर डी हॅविलंडचे तंत्रज्ञ विमानतळा-विमानतळांवर पोहोचले आणि त्यांनी उभ्या असलेल्या विमानांवरच नियंत्रक बसवायला सुरुवात केली. स्पिटफायरची कमाल उंची त्याने सुमारे ७,००० फुटांनी वाढली. वैमानिकांची नावे आपल्याला ठाऊक आहेत. तेलाच्या नळ्या जोडणाऱ्या या माणसांची नावे आम्ही वाचलेल्या पुस्तकांत सापडली नाहीत. ऑगस्टच्या मध्यापर्यंत त्यांनी हजाराहून अधिक विमाने बदलली होती. जर्मन हवाई दलाचा मोठा हल्ला सुरू झाला तो १३ ऑगस्टला.