देणाऱ्यांची वर्गणी, घेणाऱ्यांची कोठी

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने माझ्याकडे संगणक क्षेत्रावर लेख मागितला होता. मी वर्गणीवर लिहिते आहे, याबद्दल त्यांनी रागावू नये. मेळाव्याच्या तयारीत आपल्या ग्रुपवर सर्वांत जास्त चर्चा झाली ती जेवणाच्या बेताची नाही, तर खर्च भागून उरणाऱ्या पैशांची. त्यातून शाळेतल्या गरजू मुलांसाठी कायमचा निधी उभारावा, यावर पाच मिनिटांत एकमत झाले. तो कुणाला, कुणी आणि कसा द्यायचा, यावर मात्र अजून एकमत झालेले नाही. कुणी म्हणतो दप्तरे वाटू, कुणी म्हणते शिष्यवृत्ती देऊ, कुणाला एक चांगला प्रोजेक्टर देऊन मोकळे व्हायचे आहे.

हा पेच आपल्या कर्जत-खालापूरला नवा नाही. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत आपल्या भागात आणि आसपास लोकांनी लोकांसाठी बरेच काही गोळा केले आहे. ते कसे गोळा केले आणि पुढे त्याचे काय झाले, हे थोडे पाहून घेतले तर आपले काम सोपे होईल, म्हणून हा लेख.

बोरघाट चढून गेले की पलीकडे तळेगाव. तिथला पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ साली सुरू झाला. स्वदेशी उद्योगांसाठी प्रत्येक माणसाने वर्षाला फक्त एक पैसा द्यावा, अशी कल्पना घेऊन अंताजी दामोदर काळे गावोगाव हिंडले. लोकमान्य टिळकांनी तिला बळ दिले. एक पैसा ही रक्कम अशी होती की ती देताना कुणाला विचार करावा लागत नव्हता आणि नाकारताना मात्र लाज वाटत होती. शिवाय पैसे कुठे गेले ते दिसत होते. भट्टी पेटली, काच तयार झाली आणि तिथे शिकलेले कारागीर पुढे कामाला लागले. वर्गणी लहान, देणारे पुष्कळ आणि काम डोळ्यांसमोर, हा उभारणीचा धडा घाटमाथ्यावर तेव्हाच गिरवून झाला होता.

वाटपाचा धडा मात्र घाटाखालचा, आपला आहे. भाई कोतवाल म्हटले की आपल्याला आझाद दस्ता आठवतो, १९४२ साली पाडलेले विजेचे मनोरे आठवतात आणि २ जानेवारी १९४३ चा सिद्धगड आठवतो. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी पाटील यांच्या बलिदानावर आपण शाळेत भाषणे केली, निबंध लिहिले. त्या निबंधांत सिद्धगडाआधीच्या वर्षांना दोन ओळींपेक्षा जास्त जागा मिळत नसे. मला आज त्याच वर्षांबद्दल सांगायचे आहे.

माथेरानच्या एका गरीब नाभिक कुटुंबात १ डिसेंबर १९१२ रोजी जन्मलेला हा मुलगा शिकून वकील झाला आणि पुढे माथेरान नगरपालिकेत निवडून आला. पण त्याचे लक्ष डोंगराखालच्या शेतकऱ्यांकडे आणि आदिवासींकडे होते. कर्जत तालुक्यातल्या गावांमध्ये त्यांनी लोकांच्या मदतीने शाळा सुरू केल्या, कारण अंगठा उठवणाऱ्या माणसाला कागदावर काय लिहिले आहे ते कळत नाही. त्याच हेतूने त्यांनी धान्यकोठ्या उभ्या केल्या. सुगीत धान्य जमा करायचे, अडचणीच्या दिवसांत ते गरजूंना उसने द्यायचे आणि सावकाराच्या दाराची वाट बंद करायची.

हे महत्त्वाचे का, ते समजायला आपल्या भागाचे वर्ष कसे जाते ते आठवा. भात कापून झोडले की कार्तिक-मार्गशीर्षात कणगी भरते. ज्याची जमीन थोडी किंवा वरकस, त्याची कणगी होळीनंतर तळ दाखवू लागते. आषाढ-श्रावणात तर लावणीचे काम सर्वांत जास्त आणि घरात धान्य सर्वांत कमी. तेव्हा सावकाराकडून एक मण भात घ्यायचे आणि सुगीला दीड मण घालायचे, ही दिढीची रीत. त्या वर्षी फेडता आले नाही तर पुढच्या सुगीला सव्वादोन मण, आणि तिसऱ्या वर्षी तीन मणांच्याही वर. खाल्ले एक मण, आणि कर्ज मात्र मुलापर्यंत पोहोचले. चक्रवाढ व्याजाचे गणित आपण नववी-दहावीत सूत्र पाठ करून सोडवले. आपल्याच तालुक्यातल्या वाड्यांवर ते पिढ्यान् पिढ्या अनुभवून पाठ झाले होते.

कोठीने दिलेले धान्य ही भीक नव्हती आणि सावकारी कर्जही नव्हते. घेणारा ते परत करणार होता, म्हणून तो मान खाली घालून येत नव्हता. परत आलेले धान्य पुढच्या वर्षी त्याच्याच शेजाऱ्याच्या कामी येणार होते, म्हणून त्याला ते बुडवावेसे वाटत नव्हते. पुढे भूमिगत झालेल्या कोतवालांना या डोंगरदऱ्यांत माणसे कशी मिळाली, याचे उत्तर मला तरी या आधीच्या वर्षांत दिसते.

स्वातंत्र्यानंतरचे एक उदाहरण उलट्या बाजूचे आहे. तेही शेजारच्याच माणसाचे. विनोबा भावे यांचे जन्मगाव गागोदे, खालापूरला लागून असलेल्या पेण तालुक्यातले. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत पहिले भूदान मिळाले आणि पुढे विनोबा पायी देशभर फिरले. चाळीस लाख एकरांहून जास्त जमीन दानात मिळाली. केवळ मागून इतकी जमीन मिळवणे हा जगातला विक्रमच म्हणावा लागेल. पण त्यातला फार मोठा भाग भूमिहीनांपर्यंत पोहोचलाच नाही. काही जमीन खडकाळ होती, काहीवर वाद होते, काहीचे कागद पुरे झाले नाहीत. मागणाऱ्याच्या निष्ठेत काही कमी नव्हते. मिळालेले दान शेवटच्या माणसाच्या नावावर करून देणारी यंत्रणा त्या तोलामोलाची नव्हती. आमच्या क्षेत्रातही असे होते. माहिती आत घेण्याची सोय झकास असते, बाहेर काढायची वेळ आली की सगळे अडते.

कर्जतमध्ये कोठीची कल्पना ऐंशीच्या दशकात पुन्हा उगवली. कशेळे इथल्या अ‍ॅकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने ठाकर-कातकरी वाड्यांवर धान्य बँका सुरू केल्या. कातकरी समाज बहुतांशी भूमिहीन. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचे आणि पावसाळ्याच्या तोंडावर परतायचे, हा त्यांचा क्रम. आपल्या वर्गातही दिवाळीनंतर एक-दोन बाक रिकामे व्हायचे, ते तुम्हाला आठवत असेल. हजेरीत त्यांच्यापुढे गैरहजर असे लागत जायचे आणि एखाद्या वर्षी ते नावच पटावरून निघून जायचे. त्या मुलांच्या आईवडिलांनी भट्टीवाल्याकडून उचल घेतलेली असायची, आणि उचल घेण्याचे एक मोठे कारण पावसाळ्यातले धान्य हेच होते.

धान्य बँकेची रचना साधी असते. सुरुवातीचे धान्य बाहेरून देणगीतून येते, काही वाटा वाडीतली घरे घालतात. वाडीची समिती ठरवते की या पावसाळ्यात कुणाला किती द्यायचे. सुगीनंतर घेतलेले धान्य थोड्या वाढीसह परत घ्यायचे. समजा ४० घरांनी प्रत्येकी १ क्विंटल घेतले आणि सवाईने परत केले, तर ४० चे ५० क्विंटल होतात. उंदीर, घूस आणि ओल यांचा वाटा गेला तरी पुढच्या वर्षी चार-दोन घरे जास्त घेता येतात. दिढी आणि सवाई यांत फरक पाव पटीचाच. पण पहिली वाढ सावकाराच्या वाड्यात जायची, दुसरी वाडीच्याच कोठीत राहते. शिवाय पैसा दिसत नाही, धान्य दिसते. कोठीत किती उरले ते पाहायला हिशेबनीस लागत नाही, आणि कुणाच्या घरी खरेच चूल पेटलेली नाही, हे समितीतल्या बाईला कुठलाही अर्ज न मागवता ठाऊक असते.

पुढे केंद्र सरकारनेही १९९६-९७ मध्ये आदिवासी भागांसाठी ग्राम धान्य बँक योजना आणली आणि २००४ मध्ये ती अन्न खात्याकडे गेली. एका बँकेत साधारण ३० ते ४० कुटुंबे आणि प्रत्येकी १ क्विंटलपर्यंत धान्य, असे तिचे स्वरूप. अशा बँकांची दुखरी नस एकच, परतफेड. एखादे वर्ष पीक गेले की कोठी रिकामी राहते. आणि धान्य आपण जमवलेले नसून वरून आले आहे, असे वाटले की ते परत करायची निकडही राहत नाही. म्हणजे योजना तीच, धान्य तेच. ते कुणाचे आहे, या भावनेवर सगळे अवलंबून.

आता काळ बदलला आहे. अन्न सुरक्षा कायदा २०१३ साली आला. अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. आजच्या वाडीची अडचण कणगीत नसेल. ती एसटीच्या भाड्यात, अकरावीच्या प्रवेशात, जातीच्या दाखल्यात किंवा मोबाइलच्या रिचार्जमध्ये असेल. म्हणूनच काय द्यायचे हे पुण्या-मुंबईत किंवा अमेरिकेत बसून ठरवता येत नाही.

हे २०२३ च्या जुलैमध्ये आपण सगळ्यांनी पाहिले. १९ जुलैच्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. वर जायला गाडीरस्ता नाही. जे काही न्यायचे ते माणसांनी पाठीवर न्यायचे. खोपोलीचे ट्रेकर आणि आसपासच्या गावांतली माणसे एनडीआरएफच्या जवानांसोबत मातीत उतरली. २७ मृतदेह हाती लागले. ५७ जण बेपत्ता असताना २३ जुलैला शोधकार्य थांबवावे लागले. त्या चार दिवसांत आपल्या ग्रुपवर मदतीचा पूर आला होता. कपडे, बिस्किटे, ब्लँकेट, पाण्याच्या बाटल्या. भावना खरीच होती, त्यात वाद नाही. पण वाचलेल्यांमध्ये काही मुले अशी होती, की ती आश्रमशाळेत राहायला असल्यामुळेच वाचली आणि घरी परतायला त्यांना घरच उरले नाही. त्या मुलांची गरज पंधरा दिवसांची नव्हती, पंधरा वर्षांची होती. मदत लाटेसारखी येते आणि गरज झऱ्यासारखी वाहत राहते. मधला बंधारा कुणीतरी बांधावा लागतो.

आपला निधी हा असा बंधारा व्हावा, असे मला वाटते. म्हणून चर्चेसाठी काही गोष्टी मांडते.

एक, वर्गणी पैसा फंडासारखी असावी. एकाने लाख देऊन फलकावर नाव लावण्यापेक्षा आपण सर्वांनी दरमहा झेपेल तेवढी ठरावीक रक्कम द्यावी. मोठा देणगीदार दुरावला की निधी आटतो. शंभर लहान वर्गणीदारांतले दहा गळले तरी काम चालते.

दोन, कुणाला द्यायचे हे ठरवणाऱ्या समितीत आपण बाहेरगावचे लोक कमी असावेत. शाळेतले दोन शिक्षक, वाड्यांवरच्या दोन पालक माता आणि गावात राहणारा आपला एखादा वर्गमित्र, इतके पुरे. आपण पैसे आणि हिशेब पाहावा. घराची कड त्यांना जास्त कळते.

तीन, सगळे कायदेशीर असावे. नोंदणी नसताना धर्मादाय कामासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते, हे गणेशोत्सव मंडळात काम केलेल्यांना माहीत आहे. न्यास नोंदवला की दरवर्षी लेखापरीक्षणही आले. हा त्रास वाटेल, पण तो घेतलाच पाहिजे. जमाखर्च दर १५ ऑगस्टला शाळेच्या फलकावर लागावा. खर्चाचे आकडे लागावेत, मुलांची नावे लागू नयेत.

चार, वाटपाचा समारंभ नको, फोटो नको. ज्या मुलीला फीचे पैसे मिळाले तिला दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात बसायचे असते.

पाच, आणि हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. कोठीची रीत ठेवू. ज्याने घेतले त्याने पायावर उभे राहिल्यावर जमेल तेवढे, जमेल तेव्हा निधीत घालावे. सक्ती नको, व्याज नको, आठवणीचे पत्रही नको. फक्त देतानाच सांगायचे, की हे तुझ्या आधीच्यांनी ठेवलेले आहे आणि तुझ्यानंतरच्यासाठी तू ठेवशील. वीस वर्षांनी समितीवर त्यांच्यापैकीच कुणी असावे.

गुरुजनांना विनंती, की यात काय चुकते ते नेहमीसारखे स्पष्ट सांगावे. तुम्ही हजेरीपटावर पाहिलेली नावे आम्हाला ठाऊक नाहीत. आणि मित्रमैत्रिणींनो, मेळाव्याच्या दिवशी जेवणानंतर अर्धा तास काढा. आठवीच्या वर्गात बसू. ज्यांना दप्तरे वाटायची आहेत त्यांनी जरूर यावे, प्रोजेक्टरवाल्यांनी तर नक्कीच यावे. त्या अर्ध्या तासात समितीची पहिली पाच नावे ठरवू. वर्गणीचा आकडा त्यानंतर.