समोर बसलेल्या बाईला आपलं दुःख कळेल का?

मागच्या वेळी समुपदेशन केंद्राविषयी बोलणं झालं, तेव्हा एका ताईंनी विचारलं होतं, "समोरची बाई आपल्यातली नसेल, तर तिला आपलं दुःख कळेल का?" आम्ही गुळमुळीत उत्तर देऊन वेळ मारून नेली. नंतर वाचायला बसलो, तर अमेरिकेत याच प्रश्नावर कितीतरी वर्षं संशोधन झालेलं!

तिथे गुलामगिरी 1865 साली कायद्याने संपली, पण काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा, वेगळी बाकं पुढे शंभर वर्षं राहिली. मानसशास्त्र शिकवणारे आणि समुपदेशक बहुतेक गोरेच. 1968 साली काळ्या मानसशास्त्रज्ञांनी सॅन फ्रान्सिस्कोत स्वतःची वेगळी संघटना काढली. 1971 मध्ये विल्यम क्रॉस यांनी काळ्या माणसाला आपली ओळख टप्प्याटप्प्याने कशी सापडते, ते मांडलं. पण गोऱ्यांचं काय? त्यांना जणू रंगच नव्हता.

जॅनेट हेल्म्स या काळ्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1984 साली बॅटरीचा झोत उलटा फिरवला. गोऱ्या समुपदेशकाच्या मनात स्वतःच्या गोरेपणाबद्दल काय चालतं, ते तपासा, असं त्या म्हणाल्या. सुरुवातीला माणूस म्हणतो, "मला रंग दिसतच नाही." मग अन्याय डोळ्यांसमोर येतो आणि तो गोंधळतो, अपराधी वाटतं. ते सोसवत नाही म्हणून काही जण उलटतात, "चूक त्यांचीच." पुढचा टप्पा फसवा आहे. माणूस डोक्याने समता मान्य करतो, मदतीलाही धावतो. पण मदत म्हणजे समोरच्याने आपल्यासारखं व्हावं, एवढंच त्याला सुचतं. स्वतःच्या माणसांचा इतिहास तपासायचं धाडस त्यानंतरचं.

हा फसवा टप्पा वाचताना आम्हाला आमचीच बैठक आठवली. वर्षानुवर्षं ती गावठाणातल्या ओसरीवर. वस्तीतल्या बायका आल्या नाहीत, की आम्ही वहीत लिहायचो, 'जागृती कमी'. ओसरी कुणाची, हे कधी लिहिलं नाही.

हेल्म्स यांचा खरा नेमका मुद्दा जोडीचा आहे. समुपदेशक या वाटेवर पुढे असेल, तर बोलणं पुढे सरकतं. पण आलेली व्यक्तीच पुढे आणि समुपदेशक मागे असेल, तर संवाद अडतो, तुटतो. म्हणजे नुसता दोघांचा रंग जुळला म्हणून भागत नाही, आणि जुळला नाही म्हणून सगळं बिघडतंच असंही नाही.

त्यांनी रॉबर्ट कार्टर यांच्याबरोबर हे मोजायला प्रश्नावली केली. 1990 च्या पुस्तकात ती सविस्तर आली. त्यावर वादही झाले. 1994 मध्ये रो, बेनेट आणि ॲटकिन्सन यांनी आक्षेप घेतला, की ही मांडणी गोऱ्यांच्या ओळखीपेक्षा ते इतरांकडे कसं पाहतात तेच जास्त सांगते. शिवाय सोसणाऱ्यांच्या वाटचालीचा साचा सत्ता असणाऱ्यांना लावलाय. आम्हाला हा आक्षेप पटतो. कागदावर शहाणं उत्तर लिहिणं सोपं, हे तर गटाचे फॉर्म भरताना आम्ही रोजच पाहतो.

तर ताई, तुमचा प्रश्न केंद्रातल्या बाईंनाच तोंडावर विचारा. त्या रागावतात, विषय बदलतात, की "सांगा, माझं काय चुकतंय" म्हणतात, ते बघा, आणि पुढच्या बैठकीत आम्हाला सांगा.