तारेवर न येणारी पॅकेट्स

१९८८ मध्ये अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत व्हॅन जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'टीसीपीडम्प' लिहिलं. तेव्हाचं इथरनेट म्हणजे चाळीतली गॅलरी: एक बोलला की सगळ्यांना ऐकू जायचं. नेटवर्क कार्डाला 'दुसऱ्याचंही घे' एवढं सांगितलं की काम झालं. पुढे स्विच आले. स्विच ज्याचं पॅकेट त्यालाच देतो, म्हणून एका पोर्टवर सगळ्याची नक्कल मागवायची सोय करावी लागली.

आता एकाच सर्व्हरवरची, एकाच नेटवर्कमधली दोन व्हर्च्युअल मशीन्स घ्या. त्यांच्यातलं पॅकेट सहसा बाहेरच्या तारेवर येतच नाही. सर्व्हरच्या मेमरीतल्या व्हर्च्युअल स्विचमधून परस्पर पोचतं. म्हणजे एका मशीनमध्ये शिरलेला घुसखोर शेजारच्या मशीनकडे सरकला, तर बाहेर बसवलेल्या पहारेकऱ्याला पत्ताच लागत नाही.

मग ऐकायचं कुठे? लिनक्सच्या होस्टवर व्हर्च्युअल मशीनचं कार्ड बहुधा 'टॅप' नावाच्या इंटरफेसला जोडलेलं असतं. टीसीपीडम्प तिथे लावा. २००९ मध्ये आलेल्या 'ओपन व्हीस्विच'मध्ये तर पोर्टची नक्कल काढायची ती जुनी सोयही मिळते. साधन तेच राहिलं, ऐकायची जागा तेवढी आत सरकली. तेव्हा नेटवर्कचा नकाशा काढताना नुसत्या तारा मोजून थांबू नका.