दंडारीपासून चित्रगीतापर्यंत : चामोर्शी परिसरातील गाण्याच्या सादरीकरणाची परंपरा

वैनगंगेच्या पूर्वेस असलेले चामोर्शी हे गडचिरोली जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण ज्या सांस्कृतिक प्रदेशात मोडते, त्यास झाडीपट्टी असे म्हणतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत पसरलेला हा प्रदेश धानाच्या बांध्या, गावोगावचे तलाव आणि दाट अरण्य यांमुळे उर्वरित विदर्भाहून वेगळा ओळखू येतो, आणि झाडीबोली ही त्याची स्वतंत्र बोली आहे. गेल्या काही वर्षांत येथील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे लहान लहान गट स्वतः गाणी रचून त्यांचे चित्रण करू लागले आहेत. आधी ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्यावर दृश्ये बसवून तयार केलेल्या तीन-चार मिनिटांच्या या चित्रफितीस बोलण्यात ‘व्हिडिओ साँग’ म्हणतात. प्रस्तुत लेखात तिच्यासाठी चित्रगीत हा शब्द वापरला आहे. हा प्रकार चित्रपटांच्या अनुकरणातून आला, असा सर्वसाधारण समज असला, तरी त्याची तंत्रे तेवढी बाहेरून आली आहेत. गाणे वेषभूषेसह, अभिनयासह आणि गावाच्या साहाय्याने उभे करण्याची रीत या प्रदेशाची स्वतःची असून ती बरीच जुनी आहे.

या रीतीचे मूळ दंडार आणि खडी गंमत या लोकनाट्यप्रकारांत सापडते. दंडार हा गीत, नृत्य आणि संवाद यांचा उघड्यावर होणारा खेळ होय. गावातीलच शेतकरी आणि मजूर त्यात भाग घेतात, आणि स्त्रियांच्या भूमिकाही परंपरेने पुरुषच करीत आले आहेत. खडी गंमत ही शाहिराभोवती उभी राहते. त्याच्या जोडीला साथीदार, स्त्रीवेषातील नाच्या आणि विनोदी सोंग आणणारा गडी असतो, आणि सवालजवाबातून रात्र सरते. या दोहोंना हक्काचे व्यासपीठ मिळते ते मंडईत. भाऊबीजेपासून पुढे गावोगाव आळीपाळीने भरणाऱ्या जत्रेस मंडई म्हणतात, आणि त्या दिवशी लेकीबाळी व सोयरेधायरे गावात येत असल्यामुळे रात्रीचा खेळ हा पाहुणचाराचाच भाग मानला जातो. या सादरीकरणांत गाणे नुसते ऐकण्यासाठी कधीच नव्हते. ते कोणीतरी अंगावर वेष चढवून, चेहऱ्यावर भाव आणून, लोकांसमोर उभे राहून दाखवावयाचे असे. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या संशोधकांनी झाडीबोली आणि तिच्यातील लोकनाट्य यांवर दीर्घकाळ काम केल्यामुळे या परंपरेचा अभ्यास शक्य झाला. तथापि ज्यांनी ती गाणी रचली, त्यांपैकी बहुतेकांची नावे मागे राहिलेली नाहीत.

या लोकनाट्यावर पुढे संगीत नाटकाचा संस्कार झाला. 1843 मध्ये सांगलीस विष्णुदास भावे यांनी सीतास्वयंवराचा खेळ केला आणि 1880 मध्ये पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले. त्यानंतर पदांनी भरलेल्या नाटकाची आवड मराठी मुलुखात सर्वदूर पसरली. मुंबई-पुण्याकडे संगीत नाटक ओसरल्यावरही झाडीपट्टीत नाटकातले गाणे टिकले, आणि पायाने भाता चालवून वाजविण्याचा ऑर्गन व त्याच्या जोडीचा तबला ही या रंगभूमीची ओळख झाली. आरमोरीच्या उत्तरेस, वैनगंगेकाठी असलेले वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे या नाट्यव्यवसायाचे केंद्र बनले. गोंदियाहून चंद्रपूरकडे जाणारा लोहमार्ग, जो पूर्वी अरुंद रुळांचा होता, वडशावरून जातो आणि जिल्ह्याच्या या टोकास बाहेरच्या जगाशी जोडतो. नागपूर, पुणे, मुंबई येथून येणाऱ्या कलावंतांना तो सोयीचा पडला. दिवाळीनंतर सुरू होऊन होळीच्या सुमारास संपणाऱ्या हंगामात वडशाच्या नाट्यकंपन्या गावोगाव खेळ करतात. शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, हे या खेळांचे मोठे निमित्त असे; दिवसा पट आणि रात्री नाटक हा क्रम ठरून गेला होता. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बैलांच्या शर्यती थांबल्या आणि डिसेंबर 2021 मध्ये त्यांना पुन्हा अनुमती मिळाली. मधल्या काळात पट नसतानाही नाटके होत राहिली, यावरून या रंगभूमीची मुळे किती खोल गेली आहेत हे कळते.

या व्यवसायाची घडण समजून घेतल्याखेरीज आजच्या चित्रगीताचा उलगडा होत नाही. गावातील मंडळ कंपनीशी खेळ ठरविते, हस्तपत्रके वाटते, धान निघालेल्या बांधीत कनाती लावून मंडप उभारते आणि तिकिटे विकते; खेळ रात्री दहाच्या पुढे सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतो. नटाला हंगामात आज एक नाटक आणि उद्या दुसरे अशा रीतीने काम करावे लागत असल्यामुळे सगळी संहिता पाठ असणे शक्य नसते, म्हणून रंगमंचाआड संहिता घेऊन बसलेला प्रॉम्प्टर हा या रंगभूमीचा कणा ठरला. कुरखेडा तालुक्यातील गुरनोलीचे परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा या रंगभूमीस राष्ट्रीय मान्यता लाभली. त्याआधी 2022 मध्ये तृषांत इंगळे दिग्दर्शित ‘झॉलीवूड’ या चित्रपटाने तिचे जग पडद्यावर आणले होते.

चित्रगीताचा दुसरा प्रवाह चित्रपटसृष्टीतून आला, आणि त्याचा उगमही संगीत नाटकाशी जोडलेला आहे. 1932 च्या ‘अयोध्येचा राजा’ या पहिल्या मराठी बोलपटात नायकाची भूमिका आणि संगीत या दोन्ही बाजू सांभाळणारे गोविंदराव टेंबे हे संगीत रंगभूमीवरचे नामांकित हार्मोनियमवादक होते. त्या काळी नटाला कॅमेऱ्यासमोर उभे राहून प्रत्यक्ष गावे लागे आणि वादक दृश्याबाहेर बसून साथ करीत. 1935 मध्ये नितीन बोस यांच्या ‘धूप छाँव’ या चित्रपटात पार्श्वगायनाची पद्धत वापरली गेली. पार्श्वगायन म्हणजे गाणे आधी मुद्रित करून चित्रणाच्या वेळी ते मोठ्याने वाजविणे आणि नटाने त्यावर केवळ ओठ हलविणे. या एका बदलामुळे गाणारा गळा आणि दिसणारा चेहरा वेगळे झाले, गाण्याचे तुकडे पाडून ते वेगवेगळ्या ठिकाणी चित्रित करता येऊ लागले, आणि आजच्या चित्रगीताचा पाया घातला गेला.

हे तंत्र खेड्यातील तरुणाच्या हाती येण्यास मात्र आणखी सुमारे ऐंशी वर्षे लागली. 1980 च्या दशकात स्वस्त कॅसेटमुळे प्रादेशिक गाणी मोठ्या कंपन्यांच्या मक्तेदारीतून सुटली आणि जत्रेतल्या दुकानांत विकली जाऊ लागली. 2000 च्या सुमारास व्हीसीडी, म्हणजे चित्र आणि ध्वनी एकत्र साठविणारी तबकडी, आली, आणि गाण्याबरोबर नाचही विकता येऊ लागला. 2008 मध्ये यूट्यूबची भारतीय आवृत्ती सुरू झाली, 2016 नंतर मोबाइलवरील इंटरनेट अत्यंत स्वस्त झाले, आणि वितरकाची गरजच उरली नाही. दरम्यान, 2011 मध्ये, गडचिरोलीस गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाल्यामुळे चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतील महाविद्यालये एका छत्राखाली आली. 2020 च्या टाळेबंदीत रंगमंच बंद पडला, तेव्हा मोबाइलचा पडदा हाच उरलेला मंच होता.

विद्यार्थ्यांच्या चित्रणाचा दिवस पाहिला, तर हे दोन्ही प्रवाह त्यात एकत्र आलेले दिसतात. धानकापणीनंतरच्या मोकळ्या बांध्या, तलावाची पाळ, मोहाची झाडे आणि वैनगंगेचा काठ ही ठरलेली स्थळे असतात. सकाळचा कोवळा प्रकाश आणि दुपारी चारनंतरचे ऊन चेहऱ्यावर सौम्य पडते, म्हणून महत्त्वाचे काम या दोन वेळांत उरकतात; मध्यान्ही डोळ्यांखाली सावल्या पडू लागल्या की थर्माकोलचा पांढरा पत्रा धरून प्रकाश चेहऱ्याकडे वळवितात. गाण्याचा मुखडा आणि कडवी यांची आधी ओळवार विभागणी केलेली असते. स्पीकरवर गाणे लावले जाते, नायक-नायिका त्याबरोबर ओठ हलवितात, आणि प्रत्येक ओळ जवळून, दुरून व बाजूने अशी पुनःपुन्हा टिपली जाते. हालचाल संथ दाखवावयाची असल्यास गाणे दुप्पट वेगाने वाजवून नटाकडून तितक्याच वेगाने ओठ हलवून घेतात आणि सेकंदाला 50 चौकटी, म्हणजे स्थिरचित्रे, टिपतात. पुढे तीच चित्रे सेकंदाला 25 या गतीने दाखविली, की अंगविक्षेप संथ होतो आणि ओठ मात्र मूळ गाण्याशी जुळतात. कॅमेऱ्याशेजारी मोबाइलवर ओळी उघडून पुढचा शब्द सांगणारा मुलगा उभा असतो, तो झाडीपट्टीच्या प्रॉम्प्टरचाच वारस होय. लुगडी, फेटे आणि दागिने घरांतून व शेजारपाजारातून येतात, बैलबंडी कोणा शेतकऱ्याची असते, आणि दुपारचे जेवण ज्याच्या गावात चित्रण त्याच्या घरी होते. मंडईच्या रात्री गाव जे करीत असे, तेच येथे दिवसा घडते. एक बदल मात्र मूलगामी आहे : ज्या परंपरेत स्त्रीचा वेष पुरुषाने घ्यावा लागे, तिच्यात आज मुली स्वतः गातात, नाचतात आणि कॅमेराही चालवितात.

स्थळांची निवडही इतिहासाशी बांधलेली आहे. चामोर्शी तालुक्यातील मार्कंडा येथे वैनगंगा उत्तरेकडे वळते आणि तिच्या काठी प्राचीन शिल्पसमृद्ध मंदिरांचा समूह उभा आहे. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्या पाहणीत त्याची नोंद घेतली, आणि महाशिवरात्रीस तेथे मोठी यात्रा भरते. हे स्मारक पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली असल्यामुळे तेथे चित्रीकरणासाठी रीतसर परवाना घ्यावा लागतो. ही अट विद्यार्थ्यांना जाचक वाटू शकते. परंतु विजेच्या आघाताने एकदा ढासळलेल्या आणि पुन्हा सावरावे लागलेल्या मंदिराच्या बाबतीत ती आवश्यकच आहे. शिवाय या तालुक्याचे सांगीतिक विश्व झाडीबोलीपुरते मर्यादित नाही. पूर्वेच्या अरण्यात माडिया गोंडांची रेला गीते आहेत, जी समूहाने हातात हात गुंफून, नाचत गावयाची असतात; आणि 1960 च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून येऊन चामोर्शी व मुलचेरा भागात वसविलेल्या बंगाली निर्वासितांनी आपली गाणी व सण सोबत आणले. झाडीबोलीतील गाणे, रेला आणि बंगाली चाल ही एकाच वर्गातल्या मुलांच्या कानावर पडत असल्यामुळे त्यांच्या चित्रगीतांत यांची सरमिसळ होणे स्वाभाविक आहे. मात्र रेलाचा ठेका उचलून समूहाचा उल्लेख गाळणे, किंवा विवाहविधीतील गीत कोणत्याही दृश्यावर चिकटविणे, हा त्या समाजावर अन्याय ठरतो, आणि हे भान विद्यार्थ्यांनी आरंभापासूनच बाळगले पाहिजे.

दंडारीच्या कवींची नावे बहुतांशी हरपली, कारण ती लिहून ठेवण्याची सोयच नव्हती. कॅसेटच्या काळात सोय होती, पण वेष्टनावर अनेकदा केवळ विकणाऱ्याचेच नाव ठळक राहिले. विद्यार्थ्यांच्या हाती असलेल्या माध्यमात मात्र गीतकार, गायक, वादक, मूळ चाल ज्या वृद्धेकडून किंवा शाहिराकडून मिळाली ती व्यक्ती, गाव आणि चित्रणाची तारीख हे सर्व एका परिच्छेदात नोंदविता येते, आणि त्यासाठी वेगळा खर्चही येत नाही. महाविद्यालयांनी अशी नोंद करण्याचा आग्रह धरावा, मूळ चित्रफिती ग्रंथालयात जतन कराव्यात आणि मराठी विभागाने त्यांतील झाडीबोलीचे शब्द टिपून ठेवावेत. एवढे घडले, तर पुढील अभ्यासकाला या प्रदेशाच्या गाण्याचा इतिहास तर्काने जुळवीत बसावे लागणार नाही, आणि ज्या लोकांनी शतकानुशतके हे गाणे उभे केले, त्यांची नावे प्रथमच त्यांच्या गाण्यासोबत राहतील.