बांधकाम कौशल्य प्रशिक्षण संस्था, मणपाक्कम : उद्योगाने चालवलेली कामगारांची शाळा

चेन्नई : बांधकाम कामगारांना शास्त्रशुद्ध प्रशिक्षण मिळावे, या हेतूने लार्सन अँड टुब्रो कंपनीने १९९५ मध्ये चेन्नईच्या मणपाक्कम भागात ‘बांधकाम कौशल्य प्रशिक्षण संस्था’ सुरू केली. हेनिंग होल्क-लार्सन व सोरेन टुब्रो या डॅनिश अभियंत्यांनी १९३८ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या या कंपनीच्या बांधकाम विभागाचे मुख्यालयही मणपाक्कम येथेच आहे. महाराष्ट्रात पनवेल येथेही कंपनीची अशी संस्था आहे.

गरज का भासली?

गवंडीकाम, सेंट्रिंग, सळया वळवणे व बांधणे ही कामे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मुकादमाच्या किंवा जाणत्या कारागिराच्या हाताखाली शिकली जातात. हे कसब खरे असले, तरी त्याचा लेखी दाखला नसतो. काम संपले की कामगार दुसऱ्या गावी, दुसऱ्या ठेकेदाराकडे जातो आणि तेथे त्याला पुन्हा बिगारी म्हणून सुरुवात करावी लागू शकते.

प्रशिक्षणाचे स्वरूप

संस्थेतील प्रशिक्षण विनामूल्य असते आणि त्यात प्रत्यक्ष कामावर भर असतो. सेंट्रिंग, सळईकाम, गवंडीकाम, नळकाम, वायरमन, वेल्डिंग आदी विषय शिकवले जातात. पुढे ऊर्जा क्षेत्राच्या गरजेनुसार सौर विद्युतकामाचाही समावेश झाला.

अर्धवट माहिती किती महागात पडू शकते, हे दोन उदाहरणांवरून स्पष्ट होते. ओल्या काँक्रीटचे वजन घनमीटरला सुमारे अडीच टन असते आणि ते घट्ट होईपर्यंत संपूर्ण भार साच्यावर व टेकूंवर असतो. ‘आयएस ४५६’ या भारतीय मानकानुसार साध्या पोर्टलँड सिमेंटच्या ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालील टेकू सर्वसाधारणपणे किमान ७ दिवस, तर त्याहून मोठ्या गाळ्याखालील टेकू १४ दिवस काढू नयेत. घाईने काढलेला टेकू जीवघेणा ठरू शकतो. सौर पॅनेलचा धोका वेगळा आहे. मुख्य कळ बंद केली, तरी ऊन असेपर्यंत पॅनेलमध्ये विद्युतदाब राहतो. एकसरीत जोडलेल्या पॅनेलांचा दाब शेकडो व्होल्टपर्यंत जातो आणि एकदिश प्रवाहाची ठिणगी सहजी विझत नाही. त्यामुळे घरगुती वायरिंगचा अनुभव येथे पुरेसा नसतो.

कायदा आणि मर्यादा

उद्योगांतील प्रशिक्षणाला शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ चा आधार आहे. २०१९ मधील सुधारित नियमांनुसार ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनी एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. ४ ते २९ कामगार असलेल्यांना ते ऐच्छिक आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत, अनुभवातून शिकलेल्या कामगाराचे कौशल्य तपासून प्रमाणपत्र देण्याचीही सोय आहे.

मोठी कंपनी आपल्या गरजेपुरते केंद्र चालवू शकते. चार-पाच माणसांची टोळी घेऊन गावोगाव कामे करणाऱ्या ठेकेदाराला ते परवडत नाही आणि कायद्याचे बंधनही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. टेकू व विद्युतप्रवाहाचा धोका मात्र दोन्हीकडे सारखाच असतो. म्हणून मणपाक्कमसारख्या संस्थांतील शिक्षण लहान कामांवरील कामगारांपर्यंत नेणे, हा या क्षेत्रापुढील महत्त्वाचा प्रश्न आहे.