दवाखान्याच्या वाटेचे भाडे

भारतातील सरकारी आरोग्य विम्याची सुरुवात कारखान्यातील कामगारांपासून झाली. कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ साली झाला, २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्लीत योजना सुरू झाली आणि १९५४ मध्ये ती नागपूर-मुंबईत आली. विमा दवाखाने कामगार वस्त्यांच्या आसपास असल्याने प्रवासखर्चाचा प्रश्न तिथे मर्यादित राहिला. मोठ्या रुग्णालयात पाठवलेल्या रुग्णाला रुग्णवाहिका किंवा गाडीभाडे मिळे. अपंगत्व ठरवण्यासाठी वैद्यकीय मंडळापुढे बोलावलेल्या कामगाराला प्रवासभत्त्याबरोबर बुडालेल्या मजुरीची भरपाईही मिळे. ही तरतूद लहान असली तरी मोलाची होती, कारण गरिबाला दवाखान्याची फेरी तिकिटाइतकीच बुडालेल्या रोजाने महाग पडते.

विमा खेड्यातल्या गरिबापर्यंत पोहोचायला अर्धे शतक लागले. २००८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत दारिद्र्यरेषेखालील पाच जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंतचे उपचार मिळत. प्रवासासाठी दर भरतीमागे १०० रुपये आणि वर्षाला जास्तीत जास्त १,००० रुपये ठरले होते. गाव जवळ असो वा लांब, रक्कम तीच. शिवाय ती हाती पडे घरी सोडताना. दवाखाना गाठण्यासाठी जीपवाल्याला द्यायचे पैसे रुग्णाला आधीच कुठून तरी उभे करावे लागत.

महाराष्ट्राने २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना गडचिरोली, धुळे, अमरावतीसह आठ जिल्ह्यांत सुरू केली. तिच्या पॅकेजमध्ये एसटीचे किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे भाडे धरले होते, पण फक्त रुग्णालयातून घरापर्यंतचे. हिशेबाच्या दृष्टीने हे समजण्यासारखे आहे. रुग्णालयातील मदतकक्षावरच्या आरोग्यमित्राने नोंद करून मंजुरी आली की माणूस योजनेचा रुग्ण ठरतो. त्याआधीचा प्रवास कोणत्याच खात्यात बसत नाही. पण गडचिरोलीहून मोठ्या रुग्णालयांचे नागपूर सुमारे १७० किलोमीटर, आणि त्याच जिल्ह्यातल्या भामरागडच्या माणसाला त्याआधी जिल्ह्याचे ठिकाण गाठायचे असते. शस्त्रक्रियेला दीड लाखापर्यंतची हमी देणारी योजना त्याला पहिल्या तिकिटाच्या वेळी मात्र एकटे सोडत होती.

वाहनाची सोय दुसऱ्या वाटेने, मातामृत्यू रोखण्याच्या धडपडीतून आली. सेरीन थॅडिअस आणि डेबोरा मेन यांनी १९९४ मध्ये बाळंतिणीच्या मृत्यूमागचे तीन विलंब मांडले: निर्णय घेण्यातला, दवाखान्यापर्यंत पोहोचण्यातला आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यातला. भारतात जननी सुरक्षा योजनेने (२००५) दवाखान्यातील बाळंतपणासाठी रोख मदत दिली, तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने (२०११) घरून दवाखान्यात, गरज पडल्यास पुढच्या रुग्णालयात आणि परत घरी मोफत वाहनाची हमी दिली. जाण्याचा प्रवास इथे हक्काचा झाला, तोही गरोदर माता आणि आजारी तान्ह्या बाळांपुरता. तातडीच्या रुग्णांसाठी महाराष्ट्रात २०१४ मध्ये १०८ क्रमांकाची सेवा ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली. ती सर्वांना मोफत आहे. पण आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला जाणाऱ्याचा किंवा केमोथेरपीच्या फेऱ्या मारणाऱ्याचा प्रवास तातडीचा नसल्याने तिच्यात बसत नाही.

२३ सप्टेंबर २०१८ रोजी आलेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेने विम्याची मर्यादा कुटुंबामागे पाच लाखांवर नेली. भरतीपूर्वीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस, त्यातल्या तपासण्या आणि औषधे तिच्यात धरलेली आहेत. सुविधांच्या यादीत प्रवासभाडे नाही. २००८ च्या जुन्या योजनेचे शंभर रुपये तुटपुंजे होते, पण वाट हाही उपचाराचा भाग आहे ही कबुली त्यांत होती. ती या बदलात गळाली.

जिथे गाडीरस्ताच नाही तिथे भाडे आणि रुग्णवाहिका दोन्ही अपुरी पडतात. नंदुरबारमध्ये सरदार सरोवराच्या फुगवट्याकाठच्या गावांसाठी तरंगता दवाखाना सुरू करावा लागला. सातपुड्याच्या पाड्यांवरून आजही रुग्णाला बांबूला बांधलेल्या झोळीतून सडकेपर्यंत आणले जाते. चढउतारावर खांदे बदलावे लागतात, म्हणून बरोबर चार-सहा माणसे निघतात. त्यांचाही त्या दिवसाचा रोज बुडतो, आणि विमा योजनांच्या हिशेबात तो धरलेला नाही.