परवाना फाइलीचा, मालकी कोणाची?

केजसारख्या तालुक्याच्या गावातील महाविद्यालयाचे संकेतस्थळही बहुधा दूरच्या शहरातील भाड्याच्या सर्व्हरवर असते. ऐन प्रवेशाच्या दिवसांत गुणवत्ता यादी चढवावी आणि विद्यार्थ्यांच्या पडद्यावर केवळ '४०३ फॉरबिडन' उमटावे, असे घडते. फाइल तेथेच असते; ती वाचण्याची मुभा वेब सर्व्हरला नसते. (मुखपृष्ठाची इंडेक्स फाइल नसली, तरीही हाच संदेश येतो. ते आधी पाहावे.)

असे बहुतेक सर्व्हर लिनक्सवर चालतात. परवान्यांची त्यांची पद्धत युनिक्सकडून आली. परवाने बदलणारी 'सीएचमॉड' ही आज्ञा युनिक्सच्या १९७१ मधील पहिल्या माहितीपुस्तिकेतही आढळते. मालक, गट आणि इतर असे प्रत्येक फाइलीचे तीन हक्कदार. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ आणि चालवण्याचा १, अशी प्रत्येकाची बेरीज मांडली की ६४४ किंवा ७५५ हा आकडा तयार होतो. साधारणपणे फायलींना ६४४ आणि फोल्डरांना ७५५ पुरते. फोल्डरच्या बाबतीत 'चालवणे' म्हणजे आत शिरणे. त्यामुळे सरसकट सगळ्याला ६४४ लावले, की संकेतस्थळच बंद पडते. फाइलझिलामध्ये केवळ फायलींना वा केवळ फोल्डरांना परवाना लावण्याची सोय आहे, ती वापरावी.

घाईत अनेक जण ७७७ देऊन मोकळे होतात. घराला कुलूप लागत नाही म्हणून दारच काढून ठेवावे, तसे हे! फाइलीत लिहिण्याची मुभा मग कोणालाही मिळते, आणि एकाच सर्व्हरवर अनेकांची खाती असतात. काही सर्व्हर तर इतक्या सैल परवान्याची फाइल चालवण्याचे नाकारून '५०० इंटर्नल सर्व्हर एरर' दाखवतात.

पुष्कळदा अडचण आकड्यात नसतेच. सातबारा एकाच्या नावावर आणि वहिवाट दुसऱ्याची, असा प्रकार असतो. बॅकअपमधून परत आणलेल्या फायली कधी कधी 'रूट'च्या नावावर राहतात, संकेतस्थळ मात्र ग्राहकाच्या खात्यावर चालते. मग परवाना योग्य दिसूनही जुनी फाइल बदलता येत नाही. मालकी बदलणारी 'सीएचओन' आज्ञा भाड्याच्या खात्यातून चालत नाही. मात्र फोल्डर स्वतःच्या मालकीचे असेल, तर फाइल उतरवून घ्यावी, सर्व्हरवरची काढावी आणि पुन्हा चढवावी. नवी प्रत आपल्या नावावर होते. फायली शेकडो असल्या, तर सेवा देणाऱ्या कंपनीला फोल्डरचा पत्ता कळवून मालकी दुरुस्त करून घेणेच सोयीचे.